बाळाचे दुखणे, आईचे आरोग्य

बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म, असे आपल्याकडे पूर्वापार म्हटले जाते. त्याच घटकेला आणखी एक जीव तितक्याच संकटातून जात असतो. जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांतील अर्भकाला वैद्यकशास्त्र ‘नवजात’ म्हणते. बालपणातील सर्वांत धोक्याचा काळ हाच होय. त्यातही पहिला दिवस अधिक कठीण.

नवजात अर्भकांच्या मृत्यूची प्रमुख कारणे तीन : अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मतःच श्वास कोंडणे आणि जंतुदोष. ३७ आठवडे भरण्यापूर्वी जन्मलेले मूल अपुऱ्या दिवसांचे समजतात, तर अडीच किलोंहून हलके मूल कमी वजनाचे. ही दुखणी बाळाची खरी. परंतु त्यांची मुळे पुष्कळदा आईच्या प्रकृतीत व परिस्थितीत सापडतात.

पहिले मूळ रक्तक्षयाचे. गर्भाला प्राणवायू मिळतो तो आईच्या रक्तातूनच. तिचे हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली गेले, की दिवस भरण्यापूर्वी प्रसूती होण्याचा आणि मूल हलके जन्मण्याचा संभव वाढतो. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील ५२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय होता. दुसरे मूळ रक्तदाबाचे. पाचव्या महिन्यानंतर रक्तदाब १४० / ९० किंवा त्याहून वर गेला, तर वारेतून गर्भाकडे जाणारा पुरवठा आटू शकतो. बाळाची वाढ खुंटते, आईला आचके येऊ शकतात आणि तिचा जीव वाचविण्यासाठी कधी कधी मुदतीपूर्वीच प्रसूती करावी लागते. तिसरे मूळ कोवळ्या वयातील लग्नाचे. त्याच पाहणीत महाराष्ट्रातील २० ते २४ वर्षांच्या दर ५ स्त्रियांपैकी सुमारे एकीचे लग्न अठराव्या वर्षाआधी झालेले आढळले. जिची स्वतःची वाढ पुरी झालेली नाही, तिने दुसऱ्या जिवाचे पोषण करावयाचे! प्रसूती अडून राहिली तर बाळ गुदमरते, आणि पाणमोट फुटून बराच काळ लोटला तर जंतू आत शिरतात.

सरकारी रुग्णालयांकडे पाहताना हे सारे ध्यानात ठेवले पाहिजे. इतर ठिकाणी गुंतागुंत झालेल्या अनेक स्त्रिया शेवटच्या घटकेला तेथेच पाठविल्या जातात. घरात निर्णय घेण्यास उशीर, वाहन मिळण्यास उशीर आणि पोहोचल्यावर उपचारास उशीर, असे तीन उशीर एकात एक मिसळतात. जिल्हा रुग्णालयांतील नवजात अर्भकांच्या कक्षात यंत्रे असतात, परंतु गेलेले तास यंत्रांना परत आणता येत नाहीत. अर्थात तिसरा उशीर हा रुग्णालयाचाच. खाटा, परिचारिका आणि रक्त यांची उणीव असेल तर तिची जबाबदारी शासनाला टाळता येणार नाही.

वेळेचे मोल एका उदाहरणाने स्पष्ट होईल. अपुऱ्या दिवसांच्या मुलाची फुप्फुसे कच्ची असतात. ती लवकर परिपक्व व्हावीत म्हणून आईला स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. न्यूझीलंडमधील लिगिन्स व हाउई यांनी १९७२ साली त्याची उपयुक्तता दाखवून दिली. म्हणजे औषध बाळासाठी, पण टोचावयाचे आईला! त्याचा पुरता लाभ होण्यास साधारण एक दिवस लागतो. तासाभरात प्रसूत होणाऱ्या स्त्रीला त्याचा काय उपयोग?

उपाय दुर्मिळ नाहीत. लोहाच्या गोळ्या, रक्तदाबाची मोजणी, रक्त-लघवीची तपासणी यांनी धोका आधीच ओळखता येतो. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गर्भवतींची विनामूल्य तपासणी होते. ही माहिती घरोघरी पोहोचविण्यास वैद्यकाची पदवी लागत नाही. ते काम कला शाखेचे विद्यार्थीही करू शकतात.

मुलीच्या ताटात वाढले जाणारे अन्न, तिच्या लग्नाचे वय आणि तिच्या दुखण्याला घरात मिळणारी किंमत, यांवरच उद्याच्या बाळाचा पहिला श्वास अवलंबून आहे.