चेंडू मागच्या हाती

भोर आणि वेल्हे परिसरात जत्रेच्या दिवसांत कबड्डीचे सामने रंगतात. बाजारपेठेतील दुकानदारही घटकाभर मैदानाकडे वळतो. परंतु स्वतःचा मुलगा दहावीनंतरही मैदानातच रमू लागला, की घरात प्रश्न उभा राहतो : खेळून पोट भरते का? व्यापारी कुटुंबाला हा प्रश्न नवा नाही. राहुल बोस यांच्या जीवनात त्याचे एक उत्तर सापडते.

१९६७ साली जन्मलेले बोस मुंबईत वाढले, सिडनहॅम महाविद्यालयात वाणिज्य शिकले आणि जाहिरात क्षेत्रात नोकरीस लागले. १९९४ च्या ‘इंग्लिश, ऑगस्ट’ या चित्रपटाने त्यांना अभिनेता म्हणून ओळख दिली. १९९८ मध्ये भारताचा रग्बी संघ प्रथमच आंतरराष्ट्रीय मैदानात उतरला, तेव्हा त्या संघात ते होते. पुढे सुमारे १० वर्षे चित्रीकरण सांभाळून ते देशासाठी खेळले. रग्बीने त्यांचा चरितार्थ चालवला नाही. तरीही त्यांनी रग्बी सोडली नाही.

रग्बी युनियनमध्ये प्रत्येकी १५ खेळाडूंचे दोन संघ ८० मिनिटे झुंजतात. कबड्डीप्रमाणे येथेही प्रतिस्पर्ध्याला पकडून रोखतात. मात्र खांद्याच्या वर पकड घालणे आणि हाती चेंडू नसलेल्यास अडवणे निषिद्ध आहे. बळाला असे संयमाचे कुंपण आहे. आणखी एक नियम मननीय आहे. चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही. तो बाजूच्या वा मागून येणाऱ्या सहकाऱ्याकडेच सोपवावा लागतो.

मैदान सोडल्यावर बोस यांनी या नियमाचेच पालन केले, असे म्हणता येईल. अंदमान-निकोबारमधील मुलांच्या शिक्षणासाठी त्यांनी संस्थेद्वारे कार्य केले. तेराव्या वर्षी एव्हरेस्ट सर करणाऱ्या मलावत पूर्णा हिच्या जीवनावर २०१७ मध्ये चित्रपट दिग्दर्शित केला. भारतीय रग्बी संघटनेचे अध्यक्षपद स्वीकारले. त्यांच्या कारकिर्दीत, जून २०२५ मध्ये, मुंबईत रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम पार पडला.

मुलाला हिशेबाची वही अवश्य शिकवावी. परंतु त्यासाठी त्याचे मैदान बंद करण्याचे कारण नाही. वाणिज्य आणि खेळ एकाच आयुष्यात नांदू शकतात. पेढी पुढच्या पिढीकडे सोपवणाऱ्या घरांना मागून येणाऱ्यावरील हा विश्वास वेगळा शिकवावा लागू नये.