डावा पिक्चर, उजवा पिक्चर

परवा रात्री हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’ (२०१३) लावला आणि नंतर मेसमध्ये वाद जुंपला. एक म्हणाला, ‘डाव्यांचा पिक्चर!’ दुसरा म्हणाला, ‘नुसतं आयडेंटिटी पॉलिटिक्स!’ शब्द सगळ्यांनाच पाठ, पण अर्थ? म्हणून दुसऱ्या दिवशी लायब्ररी गाठली.

‘डावे-उजवे’ ही मुळात बसायची जागा. १७८९ साली फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत राजाला नकाराधिकार द्यावा का, यावर वाद झाला. द्यावा म्हणणारे अध्यक्षांच्या उजवीकडे बसले, विरोधक डावीकडे. म्हणजे शिक्का एका प्रश्नावरच्या मताला होता, अख्ख्या माणसाला नव्हे. ‘आयडेंटिटी पॉलिटिक्स’ हा शब्द १९७७ साली बोस्टनमधल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या एका गटाने आपल्या जाहीरनाम्यात वापरला. आमच्यासाठी सातत्याने झटणाऱ्या आम्हीच, हे त्यांचं म्हणणं. त्यात शिवी कुठे आहे?

आता पिक्चर. कैकाडी समाजातला जब्या घरच्यांबरोबर डुकरामागे धावतो आणि गाव हसतं. खरं सांगू? टीव्ही रूममध्ये आम्हीही हसलो. मीसुद्धा. शेवटी जब्या दगड भिरकावतो तो थेट कॅमेऱ्यावर, म्हणजे आपल्यावरच. तेव्हा सगळे गप्प झाले.

मला वाटतं, मेसमधली बडबड त्या शांततेतून सुटण्यासाठीच होती. पिक्चरला ‘डावा’ म्हटलं, की आपण का हसलो हे कोणी विचारत नाही. डावं-उजवं नंतर ठरवू. आधी तेवढं उत्तर देऊ या?