मोजणाऱ्यांची शाळा

करोनाच्या दिवसांत सकाळी चहाबरोबर अनेकजण एक नकाशा उघडून बसत. काळ्या जमिनीवर लाल ठिपके आणि रोज फुगत जाणारे आकडे. त्या नकाशाने ‘जॉन्स हॉपकिन्स’ हे नाव आपल्याकडे घरोघरी पोचवलं. गंमत म्हणजे तो काही तिथल्या सार्वजनिक आरोग्य विद्यालयाने केलेला नव्हता. त्याच विद्यापीठाच्या अभियांत्रिकी विद्यालयातल्या लॉरेन गार्डनर या प्राध्यापिकेच्या गटाने जानेवारी २०२० मध्ये तो उभा केला. श्रेय मात्र आपण बिनदिक्कत आरोग्यवाल्यांना देऊन टाकलं. त्यात फार मोठा अन्याय झाला असंही नाही, कारण माणसं मोजणं हाच त्या विद्यालयाचा शंभर वर्षांचा उद्योग आहे.

अमेरिकेत बाल्टिमोर शहरात १९१६ साली रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशातून हे विद्यालय स्थापन झालं. विल्यम वेल्श हे त्याचे पहिले प्रमुख. प्रत्यक्ष वर्ग सुरू झाले ते ऑक्टोबर १९१८ मध्ये, फ्लूची साथ ऐन भरात असताना. काही दिवसांपूर्वीच वेल्श लष्कराच्या कॅम्प डेव्हन्समध्ये त्या साथीत दगावलेल्या तरुण सैनिकांची शवविच्छेदनं बघून आले होते. वैद्यकीय महाविद्यालयाला शिकवायला रुग्णालय लागतं. मग ज्यांचा ‘रुग्ण’ म्हणजे अख्खी वस्ती, त्यांनी शिकायचं कुठे? विद्यालयाने १९३२ मध्ये महापालिकेच्या आरोग्य खात्याबरोबर शेजारचा पूर्व बाल्टिमोरचा भागच अभ्यासाला घेतला. घराघरांत जाऊन कोण आजारी, कोण गेलं, कोण जन्मलं याच्या नोंदी ठेवायच्या, आणि त्या वर्षानुवर्षं ठेवायच्या.

कंटाळवाण्या नोंदींतून काय निघतं ते तिथलेच साथरोगतज्ज्ञ वेड हॅम्प्टन फ्रॉस्ट यांनी दाखवलं. क्षयाने मरणाऱ्यांत तेव्हा म्हाताऱ्यांचं प्रमाण जास्त दिसे, त्यामुळे हा उतारवयाचा रोग होत चालला असा समज होता. फ्रॉस्टनी तेच आकडे जन्माच्या दशकांनुसार लावले. चित्र उलटं झालं: प्रत्येक पिढीला क्षयाचा खरा तडाखा तरुणपणीच बसला होता आणि दर पुढच्या पिढीत तो कमी होत होता. साठीतले लोक मरत होते ते आपल्या बालपणातल्या संसर्गाची बाकी फेडत. हा निबंध १९३९ मध्ये, फ्रॉस्ट यांच्या मृत्यूनंतर छापला गेला. एकाच पिढीच्या मागे जन्मापासून चालत राहण्याची ही रीत आज जगभरचे साथरोगतज्ज्ञ वापरतात.

आज या विद्यालयात संशोधन केंद्रं डझनांनी आहेत. लसींचं, अन्नव्यवस्थेचं, बंदुकीच्या हिंसेचं, जैविक धोक्यांचं, मूळनिवासींच्या आरोग्याचं. केंद्र म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे इमारत आणि उद्‌घाटनाची कोनशिला येते. तिथे केंद्र म्हणजे बहुतेक वेळा एक प्रश्न, त्याला चिकटलेले चार प्राध्यापक आणि कुणा देणगीदाराचं अनुदान. खोल्या बाल्टिमोरमध्ये, काम भलतीकडेच.

आल्फ्रेड सोमर यांचंच बघा. हे नेत्रतज्ज्ञ १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात इंडोनेशियात गेले ते जीवनसत्त्व अ च्या अभावी मुलांना येणारं अंधत्व अभ्यासायला. काही हजार मुलांचे डोळे त्यांच्या गटाने दर तीन महिन्यांनी, दीड वर्ष तपासले. बाल्टिमोरला परतल्यावर आकडे चाळताना त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. काही मुलं पुढच्या तपासणीला आलीच नव्हती, कारण ती जिवंत नव्हती. आणि ज्यांना नुसता रातांधळेपणा किंवा डोळ्यांत पांढुरके डाग होते, म्हणजे रोग सौम्य होता, त्यांच्यातले मृत्यू इतरांच्या सरासरी चौपट होते. डोळ्यांच्या अभ्यासातून मरणाचा प्रश्न निघाला. हे जीवनसत्त्व श्वासनलिका आणि आतडी यांची आतली अस्तरं धड ठेवतं, शरीराची प्रतिकारशक्तीही राखतं. ते कमी पडलं की गोवर आणि हगवण मुलाला सहज नेतात.

पुरावा म्हणून इंडोनेशियाच्याच आचे प्रांतातल्या ४५० गावांत चाचणी झाली. निम्म्या गावांतल्या मुलांना सहा महिन्यांनी एकदा जीवनसत्त्वाची कॅप्सूल मिळाली. तिथे बालमृत्यू ३४ टक्क्यांनी कमी भरले. १९८६ मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली: दोन-चार पैशांच्या गोळीने कुठे मुलं वाचतात? मग नेपाळ आणि तमिळनाडूतही तसेच निष्कर्ष आले. आपल्याकडे नऊ महिन्यांच्या बाळाला गोवराच्या लशीबरोबर जे औषध पाजतात ते हेच. आपला कार्यक्रम १९७० पासूनचा, पण अंधत्व टाळण्यासाठीचा. त्याच्याकडे जीव वाचवणारा म्हणून बघायला सोमर यांच्या कामाने शिकवलं. वाद मात्र संपलेला नाही. उत्तर प्रदेशातल्या सुमारे १० लाख मुलांच्या चाचणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले, त्यात फायदा जेमतेम ४ टक्के दिसला, तोही संख्याशास्त्राच्या कसोटीला न उतरणारा. सोमर आणि सहकाऱ्यांनी त्या चाचणीच्या पद्धतीवरच बोट ठेवलं. माझ्या मते डोस बंद करण्याइतका हा पुरावा भक्कम नाही. पण जिथे मुलांचा आहार सुधारला आहे तिथे पुन्हा मोजायला हवं, हे खरं.

मूळनिवासींच्या केंद्राची कथाही आपल्या घरापर्यंत येऊन थांबते. भारतात शिकलेले बालरोगतज्ज्ञ मथुराम संतोषम यांनी अमेरिकेतल्या अपाची वस्त्यांत हगवणीसाठी क्षारसंजीवनीचं काम केलं. पुढे नवाहो बालकांत त्यांनी हिब या जिवाणूविरुद्धची लस तपासली. त्या मुलांत या जिवाणूमुळे होणारा मेंदूज्वर फार होता. हिबपासून संरक्षण आज आपल्या बाळांना पेंटाव्हॅलंट लशीतून मिळतं.

महाराष्ट्राचा धागा याहून थेट आहे. कार्ल टेलर हे मिशनरी डॉक्टरांचे चिरंजीव, जन्म १९१६ चा, मसुरीतला. १९६१ मध्ये हॉपकिन्सला येऊन त्यांनी आंतरराष्ट्रीय आरोग्याचा विभाग सुरू केला आणि प्रयोगासाठी पंजाबातलं नारंगवाल निवडलं. काही गावांत पोषण, काहींत संसर्गावर उपचार, काहींत दोन्ही. घरोघर फिरणारी प्रशिक्षित बाई न्यूमोनिया ओळखून पेनिसिलिन देऊ शकते, हे तिथे दिसलं. याच टेलर यांच्याकडे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे शिकले, आणि भारतात परतून १९७० मध्ये जामखेडला गेले. तिथे त्यांनी गावच्या बायकांना, त्यांतल्या अनेक निरक्षर आणि दलित, आरोग्यसेविका म्हणून तयार केलं.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनीही हॉपकिन्समधून सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ सुरू केली. न्यूमोनिया ओळखायला निरक्षर दाईने बाळाचे श्वास मोजायचे कसे? त्यांनी वाळूचं घड्याळ आणि मणी यांचं एक साधन बनवलं. पुढे आरोग्यदूत बायका नवजात बाळांना घरी जाऊन सांभाळू लागल्या. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी असल्याचं १९९९ च्या ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. आशांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात हीच रीत २०११ मध्ये गेली.

आता या व्यवस्थेतला कच्चा दुवा. केंद्रं अनुदानावर जगतात. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकी सरकारने परदेशी मदत आवळली, तेव्हा मार्चमध्ये हॉपकिन्स विद्यापीठाने ८० कोटी डॉलरहून अधिक निधी गेल्याचं सांगून जगभरातल्या २,००० हून अधिक नोकऱ्या कमी केल्या. बहुतेक माणसं परदेशात काम करणारी होती. अशा वेळी पाटी तशीच राहते आणि नोंदवही बंद पडते.

म्हणून आपल्या विद्यापीठांनी हॉपकिन्सच्या इमारतींकडे बघू नये. पुण्याजवळ वढू परिसरातल्या २२ गावांची लोकसंख्या-नोंद केईएम रुग्णालयाचं संशोधन केंद्र २००२ पासून ठेवत आलं आहे. म्हणजे हे इथेही जमतं. राज्यातल्या प्रत्येक विद्यापीठाने एकेक तालुका घ्यावा, तिथले जन्म-मृत्यू आणि आजार सलग तीस वर्षं मोजावेत, आणि त्याचा खर्च राज्याच्या अंदाजपत्रकातून व्हावा.