परवाने कमी करा, तपासण्या नव्हेत

कोलकात्यात पाण्याची टंचाई आहे असे कुणी म्हटले, तर ते हसण्यावारी नेले जाते. हुगळी दाराशी वाहते, पालत्याचे जलशुद्धीकरण केंद्र एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे आणि टालाची पोलादी टाकी १९११ पासून उभी आहे. शहराच्या वेशीबाहेर, दोन्ही चोवीस परगण्यांत, प्रश्न वेगळा आहे. तेथे पाणी मुबलक आहे. ते पिण्याजोगे असेलच असे नाही. १९८३ मध्ये कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील डॉ. के. सी. साहा यांनी खेड्यांतून येणाऱ्या रुग्णांच्या त्वचाविकाराचे मूळ कूपनलिकांच्या पाण्यातील आर्सेनिकमध्ये असल्याचे ओळखले. तळ्यांचे दूषित पाणी टाळण्यासाठी खोदलेल्या कूपनलिकांनीच नवे संकट आणले होते.

अशा प्रदेशात सरकारी नियम सुटसुटीत करा, असे म्हणणे धाडसाचे वाटेल. तरीही मी ते म्हणतो. मात्र कोणते नियम सोपे करायचे, हे आधी ठरायला हवे.

पश्चिम बंगालने २००५ मध्ये भूजल नियमनाचा कायदा केला आणि छोट्या शेतकऱ्यालाही पंपासाठी परवाना घ्यावा लागू लागला. २०११ मध्ये, अदिती मुखर्जी यांच्या संशोधनाच्या आधारे, राज्याने भूजलदृष्ट्या ‘सुरक्षित’ गटांत पाच अश्वशक्तीपेक्षा कमी क्षमतेच्या आणि ताशी ३० घनमीटरपेक्षा कमी उपसा करणाऱ्या पंपांना परवान्यातून मुक्त केले. नियमन संपले नाही. ज्या अर्जांतून पाण्याचे रक्षण होत नव्हते, ते अर्ज संपले. मर्यादा कायम राहिली, आणि ती कुणालाही समजेल अशी होती.

पिण्याच्या पाण्याला हाच धडा लागू करताना एक भेद पाळावा लागेल. पंपाची क्षमता पाटीवर वाचता येते. आर्सेनिकला रंग, वास वा चव नसते. जाधवपूर विद्यापीठाच्या अभ्यासकांनी काही आर्सेनिक निर्मूलन संयंत्रांवर दोन वर्षे लक्ष ठेवले. लिटरमागे १० मायक्रोग्रॅमची मर्यादा सातत्याने पाळणारे एकही त्यांत आढळले नाही. याउलट, शिबपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या साहाय्याने उत्तर चोवीस परगण्यात बसवलेली संयंत्रे गावच्या समित्यांनी घरटी मासिक वर्गणी काढून वर्षानुवर्षे चालवली. संयंत्र उभारणे सोपे असते. त्याचा वाली कोण, हा प्रश्न अवघड असतो.

म्हणून माझी मागणी अशी : सामूहिक पाणीयोजनेसाठी एकच अर्ज आणि ठरलेल्या मुदतीत निर्णय असावा. पाणीपट्टी ठरवण्याचा व देखभालीचा खर्च करण्याचा अधिकार पाणी समितीकडे असावा. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पिण्याचे पाणी पंचायतींच्या विषयांत आहेच. जलजीवन मिशननेही माणशी रोज ५५ लिटर पाण्याचे उद्दिष्ट ठेवताना गावसमित्यांवर भिस्त ठेवली आहे. याच्या बदल्यात पाण्याची नियमित तपासणी त्रयस्थ प्रयोगशाळेकडून व्हावी, तिचा अहवाल नळापाशी लावावा आणि संयंत्रातून निघणाऱ्या विषारी गाळाच्या विल्हेवाटीची जबाबदारी शासनाने घ्यावी. ती समितीच्या ऐपतीबाहेरची आहे.

महाराष्ट्रानेही १९९३ च्या कायद्यात सार्वजनिक पेयजल स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर निर्बंध घातले. नियम सोपा होता; अंमलबजावणीसाठी मात्र गावाला तहसील-जिल्ह्याच्या यंत्रणेकडे पाहावे लागे. नियमाची भाषा सोपी असणे पुरेसे नाही. ज्यांना ते पाणी प्यायचे आहे, त्यांच्या हाती तो बजावण्याचे बळही असले पाहिजे.