स्त्री-पुरुषांच्या बोलण्यातील भेद

बायका फार बोलतात, हे वाक्य आमच्या बाजारपेठेत इतके चलनी आहे की ते पारखून घेण्याची कोणास गरज वाटत नाही. अमेरिकेत मात्र ते पारखले गेले. पोत्यातून मूठभर नमुना काढावा तसे, विद्यार्थी-विद्यार्थिनींच्या अंगावरील लहान यंत्राने दिवसभर थोडेथोडे बोलणे टिपण्यात आले. 2007 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : दोघांचाही हिशेब रोजी सुमारे 16 हजार शब्दांचा! तेव्हा भेद मापात नाही. तो बोलण्याच्या रीतीत आहे, आणि त्याहून अधिक ऐकणाऱ्याच्या कानात आहे, असे आमचे मत आहे.

मराठीत पुरुष ‘मी येतो’ म्हणतो, स्त्री ‘मी येते’ म्हणते. बेळगाव भागातील आमच्या अनेक सभासदांच्या घरी कानडी चालते. तीत ‘नानु बरुत्तेने’ हे दोघांचे सारखेच. पती ‘अगं’ म्हणणार, पत्नी ‘अहो’; पतीचे नाव घ्यावयाचे तर तिला उखाणा शोधावा लागे. मानाची वाटणी अशी भाषेतच होऊन गेलेली आहे.

पेढीवरील पुरुषांची भाषा तुटक. ‘माल हलका. दोन रुपये कमी करा.’ पूर्वी तर रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरत. तोंड उघडण्याचेही कारण नसे! स्त्री तेच सांगताना ‘तूर जरा ओलसर वाटते, नाही का?’ असे म्हणते. पुरुष त्यावरून हिला खात्री नाही असे समजतो. न्यूझीलंडच्या जॅनेट होम्स या विदुषींनी 1984 साली दाखवून दिले की, वाक्याअखेरचे असे प्रश्न स्त्रिया पुष्कळदा शंकेपोटी नव्हे, तर समोरच्याने बोलते व्हावे म्हणून जोडतात.

शिवाय ही रीत केवळ स्त्रियांचीच असेही नाही. अमेरिकेतील न्यायालयांत साक्षीदारांचे बोलणे तपासून 1980 साली दोघा अभ्यासकांनी लिहिले की, व्यवसायाने मान मिळविलेली स्त्री ठामपणे बोलते आणि सामान्य स्थितीतील पुरुष चाचरत बोलतो. उधारीची मुदत वाढवून मागणारा किरकोळ दुकानदार कसा बोलतो, हे आम्हां घाऊक व्यापाऱ्यांस सांगावयास नको.

सर्वांत बोलका हिशेब पामेला फिशमन यांचा. त्यांनी तीन अमेरिकी जोडप्यांच्या घरचे 52 तासांचे संभाषण ध्वनिमुद्रित करून 1978 साली त्यावर लिहिले. त्यात एकूण 76 विषय निघाले. पतींनी काढलेल्या 29 विषयांपैकी 28 पुढे चालले. पत्नींनी काढलेल्या 47 पैकी अवघे 17.

आमच्या घरांत याहून फार निराळे घडते असे आम्हांस वाटत नाही. आज कित्येक पेढ्यांवर जमाखर्च आणि वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे सून पाहते. कोणाची बाकी थकली, हे तिला सर्वांच्या आधी दिसते. ती जेवणाच्या वेळी म्हणते, ‘मामंजी, त्या दुकानची उधारी जरा वाढलीय का हो?’ सासरे ‘हं’ म्हणतात आणि आमटी मागतात. ‘किती दिवसांची बाकी?’ एवढेच विचारले असते तर तिने आकडा तिथल्या तिथे सांगितला असता. दुसऱ्या दिवशी मुनीमजी ‘माल थांबवा’ म्हणतात आणि माल तत्काळ थांबतो. परंतु तोवर चाळीस कट्टे तांदूळ त्या दुकानी उतरलेला असतो.