खानावळवाल्या बायकांकडून शिका लीडरशिप

लीडर व्हायला मोठी डिग्री लागते, असं वाटतंय? मग मुंबईच्या गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांची गोष्ट ऐका.

गिरणी कामगारांना त्या घरचं जेवण द्यायच्या. कामगार पैसे देणार महिन्याने, पगार झाल्यावर. तांदूळ-पीठ मात्र आजच हवं. मग वाण्याची उधारी, सावकाराचं व्याज. दिवसभर राबून हातात उरणार काय?

1975 साली प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. एकटीकडे तारण नव्हतं. म्हणून गट केले, बायका एकमेकींना जामीन राहिल्या आणि बँकेचं कर्ज मिळालं. गटाची पुढारी कोण? त्यांच्यातलीच एक. हप्ता का अडतो, हे तिला बाहेरच्या साहेबाने शिकवायची गरजच नव्हती!

तुम्हीही हेच करा. आपल्यासारखाच धंदा करणाऱ्या चार-पाच जणांचा गट जमवा. दर आठवड्याला बसा, अडचण मोकळेपणाने बोला, बैठक दर वेळी वेगळ्याने चालवा. आणि हो, कोणाला जामीन राहण्याआधी त्याची हिशोबाची वही नक्की बघा. आपली दाखवायचीही तयारी ठेवा. विश्वास तिथूनच सुरू होतो.

मग, तुमच्या गटात पहिलं नाव कोणाचं?