लेडेबूरिया : पानांसाठी जोपासावयाचा आफ्रिकी कंद

फुलझाडे फुलांसाठी लावावयाची, हा सर्वसाधारण प्रघात होय. लेडेबूरिया ही कंदवर्गीय प्रजाती मात्र तिच्या ठिपकेदार पानांसाठी जोपासली जाते. हिच्या सुमारे पन्नास जाती असून बहुतेक आफ्रिकेच्या दक्षिण भागातील आहेत. १८२१ साली रॉथ या जर्मन शास्त्रज्ञाने प्रजातीचे नामकरण केले, ते मात्र भारतातून गेलेल्या नमुन्यावरून. पुढे तिच्या जाती सिला या प्रजातीत गणल्या जात. १९७० मध्ये जेसॉप यांनी ती पुन्हा स्वतंत्र मानली. महाराष्ट्रातील भुईकांदा हा तिचाच भारतीय प्रतिनिधी आहे.

कुंडीसाठी सर्वांत सोयीची जाती म्हणजे लेडेबूरिया सोशियालिस. दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व केप प्रांतात ती झुडपांच्या कोरड्या सावलीत दाटीने वाढते. रुपेरी पानांवर गर्द हिरवे ठिपके असतात व पानांची खालची बाजू बहुधा जांभळी असते. फुले बारीक व हिरवट. त्यांचे विशेष कौतुक करण्याजोगे काही नाही.

हे झाड पाण्याच्या अभावी क्वचितच मरते. ते मरते अतिपाण्याने. कंदात पाण्याचा साठा असतो. माती सतत ओली राहिल्यास कंद बुडापासून कुजू लागतो आणि पाने पिवळी पडेपर्यंत ते ध्यानात येत नाही. पाने मलूल दिसली म्हणून आणखी पाणी घालणे, ही नेहमीची चूक होय. म्हणून कंद निम्मा मातीबाहेर ठेवूनच लावावा. कांदा पिकविणाऱ्यास हे नवे नाही. पोसलेला कांदाही मातीवर डोके काढतो. चिकण काळी माती टाळावी. पोयटा, जाड वाळू व पालापाचोळ्याचे कुजलेले खत समभाग घेऊन तळाशी खापरांचे तुकडे घालावेत. वरची माती सुकल्यावरच पाणी द्यावे. पावसाळ्यात कुंडी पडवीत घ्यावी, परंतु पागोळ्यांखाली ठेवू नये. दाट सावलीत ठिपके फिकट होतात, तर दुपारच्या उन्हात पाने करपतात; सकाळचे कोवळे ऊन मानवते.

नावात ‘कांदा’ असला तरी भुईकांदा किंवा त्याचे आफ्रिकी भाईबंद खाण्याचे नव्हेत. ही प्रजाती कोळकांद्याच्या कुळातील असून कोळकांद्यातील द्रव्ये हृदयावर विषारी परिणाम करतात. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी कंद वाटताना ही गोष्ट घरातील स्त्रियांना व मुलांना आवर्जून सांगावी. कुंडी शेळ्यांच्या तोंडाला लागणार नाही अशा उंचीवर असावी, आणि काढलेले कंद स्वयंपाकघरातील कांद्यांच्या टोपलीजवळ कधीही ठेवू नयेत.

कुंडी कंदांनी भरली की उन्हाळ्याच्या अखेरीस जुडगा उपटून प्रत्येक कंद मुळांसह वेगळा करावा. जखम दोन दिवस सावलीत सुकू द्यावी आणि मगच पुन्हा लावणी करावी.